अंगठा वर, अंगठा खाली

"घे ठेंगा!" भागीरथाबाई टीव्हीला म्हणाल्या आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

पडद्यावरचा हिरो नुकताच पेट्रोलच्या टाकीवर बसून सिगरेट ओढून, मग टाकीसकट गुंडांचा अख्खा अड्डा उडवून, मागे वळूनही न बघता चालता झाला होता. सिनेमा संपला होता. खाली चटईवर पाय पसरून बसलेली शेजारची सखू म्हणाली, "केस बी नाई हलला वो त्याचा."

"माहा बाप पुलगावच्या डेपोत होता," भागीरथाबाई म्हणाल्या. "जिंदगी गोळ्याबारुदात गेली त्याची. घरी बिडी पेटवाची असली त अंगणाच्या पार तिकडच्या कोपऱ्यात जाये. अन् हा बह्याड टाकीवर बसून सिगरेट फुकते!"

"पण बरा होता."

"बरा कायचा?"

"टैम त गेला ना, बाई."

सखूचं मत हे असं. तिला सगळेच सिनेमे बरे वाटत. मुलींच्या हॉस्टेलात शंभर पोरींच्या पोळ्या लाटून आलेल्या बाईला कुठेही पाय पसरून बसायला मिळालं तरी बरंच वाटणार. मूळची ती हिंगणीकडची. जंगलाच्या अंगाला तिचं माहेर. घरी ती माहेरची बोली बोले आणि सिनेमातल्या व्हिलनला शिव्याही त्याच बोलीत देई. भागीरथाबाईंना त्यातलं काही कळत नसे, पण शिवी आहे एवढं कळे, आणि तेवढं पुरे.

बोरगाव मेघेच्या मागच्या गल्लीत भागीरथाबाईंची पिठाची चक्की. नवरा किसनराव गेल्यापासून पट्टा त्याच चढवत, दळून गुळगुळीत झालेला दगडी पाटाही त्याच टाचत. चक्की चालू असली की येणारं माणूस ओरडूनच बोलतं, त्यामुळे बाईंचा आवाज कायमचा मोठा झालेला. दिवसभर असं ओरडायचं, आणि संध्याकाळी चक्की बंद झाली की ओरडायला घरात कुणी नाही! मोठा आवाज घेऊन रिकाम्या घरात बसणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कधीकधी त्या उगीच स्वयंपाकघरात जाऊन म्हणत, "मीठ कोठी ठेवलं मी?" मीठ समोरच असे.

एकुलता एक मुलगा कुंदन बंगळूरला कंपनीत. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने हा मोठा टीव्ही भिंतीवर लावून दिला, इंटरनेट जोडून दिलं, आणि सिनेमांचं ते अ‍ॅपही सुरू करून दिलं. "माझ्याच अकाउंटवर चालेल हे. तू फक्त पाह्यत जा. बाकी काही दाबू नको," असं बजावून तो गेला.

आता "दाबू नको" म्हटल्यावर न दाबणारी बाई वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

दाबण्यासारखं तिथं होतंही काय? सिनेमाच्या नावाखाली दोन हात. एकाचा अंगठा वर, एकाचा खाली. भागीरथाबाई सातवी पास. सही झोकात करत. अंगठ्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वर केलेला अंगठा म्हणजे ठेंगा. लहानपणापासून हाच अंगठा नाचवून पोरं एकमेकांना चिडवत आली. आणि खाली केलेला अंगठा म्हणजे कागदावर उठवलेला अंगठा, म्हणजे मंजूर. सासूबाई शाईत बुडवून असाच अंगठा खाली टेकवत आणि म्हणत, "घ्या, कबूल." तेव्हा सिनेमा भिकार निघाला की ठेंगा, आवडला की अंगठा उठवायचा. सरळ हिशेब होता.

फक्त एकच गोष्ट त्यांना कळत नव्हती. जितका ठेंगा दाखवावा तितके तसलेच सिनेमे समोर येत. एका टाकीवाल्याला ठेंगा दाखवला तर दुसऱ्या दिवशी चार टाकीवाले हजर. बंदुका तशाच, गाड्या तशाच, आणि प्रत्येक हिरोची बहीण नाहीतर बायको पहिल्या अर्ध्या तासात मरणार. "लय कोडगी मशीन हाय ही," त्या सखूला म्हणत. "ठेंगा देल्ला त पुन्हा दारात उभी."

पण खरं तर बाई टीव्ही लावत त्या सिनेमांसाठी नाही. लावत लाल रेघेसाठी.

कुंदन तिकडे जे बघे त्याचं चित्र इकडेही दिसे, आणि त्या चित्राखाली एक बारीक लाल रेघ. रेघ जिथंपर्यंत, तिथंपर्यंत त्यानं पाहिलेलं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या बसल्या जागी उठून उभ्या राहिल्या होत्या. रेघ अर्ध्यात थांबली की समजायचं, पोरगा बघता बघता झोपला. जरा सरकून थांबली की समजायचं, आज डोकं ठिकाणावर नाही. आणि रविवारी एकामागून एक सगळे भाग संपलेले दिसले की भागीरथाबाई रिमोट खाली ठेवत. म्हणजे हा दिवसभर खोलीतच होता. म्हणजे याला तिकडे कुणी नाही.

फोनवर यातलं काही कळत नसे. फोन ठरलेला.

"जेवली?"

"जेवली. तू?"

"हो. बरी आहे?"

"बरी हाय."

"ठेवू?"

पूर्वी तो मध्येच विचारायचा, "गमते का तुले?" हा आपल्याकडचा शब्द. करमतं का, जीव रमतो का, एकटं वाटत नाही ना, हे सगळं त्या एका शब्दात येतं. बंगळूरला जाऊन त्याची बोली धुतल्यासारखी झाली, त्यात तो शब्दही गेला.

म्हणून त्या रेघ बघत. आणि रेघेच्या मागोमाग तो बघे ते बघत. नियम एकच: तो जिथं थांबला त्याच्या पुढं जायचं नाही. घरातलं माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, तसं.

कुंदन बघे ती भुतांची जपानी कार्टुनं. पहिल्यांदा बाईंनी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षांचा घोडा, लग्नाचं नाव काढत नाही आणि कार्टून बघतो! त्यात एक पांढऱ्या केसांचा पोरगा होता. हातात कंदील. रस्ता चुकलेल्या मेलेल्या माणसांना तो त्यांच्या त्यांच्या घरी पोचवून देई. बोलणं हिंदीत होतं, तेवढं बरं.

"मेलेल्याले घर सापडत नाई म्हंते, आयकलं का?" त्यांनी सखूला सांगितलं. "जित्या माणसाले सापडत नाई थे सोड."

सखू म्हणाली, "आमच्याकडे त मेलेल्याले आपणच घरी आणतो. तांदूळ टाकून वाट दाखवतो. त्याले काय कंदील घेऊन पोट्टा लागते?" आणि मग सवयीनं, "पण बरा हाय."

एका भागात एक म्हातारा स्वतःच्याच घराच्या दारात येऊन उभा राहतो. आत सगळे जेवायला बसलेत. तो हाका मारतो, कुणाला ऐकू जात नाही. नातू फक्त म्हणतो, दार लाव, वारा येतो. त्या दिवशी भागीरथाबाईंनी पदराने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मोठ्या मानानं अंगठा उठवला. खालचा. मंजूर.

मग कंदीलवाल्याच्या प्रत्येक भागाला त्यांनी अंगठा उठवला. आणि बघता बघता भुतं कमी झाली. आधी पहिल्या ओळीतून गेली, मग दुसरीतून. जिकडे बघावं तिकडे टाकीवाले.

बाईंना शंका आली. पोरानं बघणं सोडलं? आजारी तर नाही? फोन केला. "बरा आहे. ठेवू?"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी चक्की भरात होती. बबनराव गव्हाचा डबा लावून उभे होते, अर्धं दळण झालं होतं, आणि कुंदनचा फोन आला. रविवारी सकाळी तो कधीच करत नसे. बाईंनी खटकन् चक्की बंद केली.

"अवं, माहे गहू!" बबनराव ओरडले.

"थांबा जरा, भाऊ. पोराचा फोन हाय."

"आई," कुंदन म्हणाला, "माझ्या अकाउंटवर अंगठे तू देतेस का?"

"कोणचे अंगठे?"

"अगं, कसले कसले पिक्चर लाइक केलेत! माझी सगळी लिस्ट भंगार झाली. आणि माझी सिरीज नापसंत? ऑफिसात स्क्रीन उघडली, तर माझा दोस्त म्हणतो, साल्या, तुझी टेस्ट हीच का?"

"म्या त टाकीवाल्याले ठेंगा देल्ला," बाई म्हणाल्या. "अन् तुह्या कंदीलवाल्याले मंजुरी. अंगठा उठवला, कागदावर उठवते तसा."

 मग कुंदन हसायला लागला. असा हसला की बाईंनी फोन कानापासून दूर धरला. लहानपणी किसनरावांनी पोटाला गुदगुल्या केल्या की हसायचा तसा. बबनरावांनाही ऐकू गेलं, आणि तेही कशाला ते न कळता हसू लागले.

"आई, वरचा म्हणजे चांगला अन् खालचा म्हणजे वाईट वं!"

वं! बाईंनी ते कानात जपून ठेवलं. हसता हसता पोरगा बोरगावला परत आला होता.

"वर अंगठा करणं चांगलं कव्हापासून झालं?" त्या म्हणाल्या. "दुनियाच उलटी झाली म्हणा ना."

"म्हणजे तू कंदीलवाला पाह्यते?"

"पाह्यते ना. तू जेथवर पाह्यला तेथवर. एक सांग, त्या पोट्ट्याची माय कोठी हाय?"

"त्यावर लोक नेटवर भांडून राह्यले, आई. काही म्हणतात मेली, काही म्हणतात जिवंत."

"जिवंत हाय."

"कशावरून?"

"मेली असती त पहिले तिलेच नसतं का पोचवलं त्यानं घरी?"

 कुंदन हळूच म्हणाला, "हे कोणीच लिहिलं नाही, आई. मी लिहितो हे." आणि थोड्या वेळानं, फोन ठेवता ठेवता, त्यानं विचारलं, "गमते का तुले?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण माणसाची जीभ ऐनवेळी शहाणी होते. "गमते ना," बाई म्हणाल्या. "चक्की हाय, सखू हाय, तुहे टाकीवाले हायेत."

दुपारी त्याचा निरोपही आला. आईचं मत त्यानं लिहिलं होतं आणि लोकांनी भराभर अंगठे दिले होते. वरचे. भागीरथाबाईंनी तो निरोप दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवला. बबनरावांचं उरलेलं दळण बारीकच्या जागी भरड निघालं, पण त्या दिवशी त्यांनीही तक्रार केली नाही.

त्या एका फोनवर बाईंचे पुढचे कितीतरी दिवस गेले. तसा फोन पुन्हा आला नाही. पुन्हा तेच, जेवली, बरी, ठेवू.

मग एका संध्याकाळी सखूनं बघितलं, की बाई एकेका टाकीवाल्याला शोधून शोधून वरचा अंगठा देतायत. आणि कंदीलवाल्याला खालचा.

"अवं बाई, हे काय करून राह्यली? आता त समजलं ना, कोणता अंगठा कायचा थे?"

"समजलं म्हणूनच देऊन राह्यली," भागीरथाबाई म्हणाल्या.

सखूनं त्यांच्याकडे बघितलं. तिची स्वतःची दोन पोरं सुरतेकडे कामाला होती.  नुसती हात लांब करून म्हणाली, "आण, त्या मिशीवाल्याले मी देते."

दोघींनी मिळून अख्ख्या लिस्टीचं वाटोळं केलं. आणि बाई वाट बघत बसल्या. चक्की चालू असतानाही फोन कमरेला खोचलेला. वाजला तर ऐकू जाणार नाही म्हणून थरथरता ठेवलेला. चक्कीच्या थरथरीत तो सारखा वाजल्यासारखा वाटे.

फोन आला नाही. आठवड्यानं संध्याकाळी टीव्ही लावला तर ना टाकीवाला, ना कंदीलवाला. काळा पडदा आणि त्यावर हिंदीत एक ओळ. सखूला वाचता येत नसे, तेव्हा बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"यह टीवी इस घर का हिस्सा नहीं है।"

"कोणच्या घरचा?" सखूनं विचारलं.

"कुंदनच्या."

"पण टीव्ही त तुह्या घरी हाय."

"हौ."

"मंग घर कोणतं म्हंते हे?"

 खाली लिहिलं होतं, कोड मागवा. त्यांनी बटण दाबलं. कोड कुंदनच्या फोनवर गेला. त्यांनी कुंदनला फोन लावला, त्यानं कापला. मीटिंग असेल. त्यानं कोड पाठवला तोवर त्या कोडाची मुदत संपली होती. बाईंनी तरी तो आकडा न् आकडा नीट दाबून पाहिला.

फोन त्यानं नंतर केला. बोली धुतलेली.

"आई, त्या अ‍ॅपच्या कंपनीचा नियम आहे. एक अकाउंट, एक घर. दुसऱ्या घरी चालत नाही."

"दुसरं घर," बाई म्हणाल्या.

"हो. आणि खरं सांगू? माझी लिस्ट परत खराब झाली होती. तुला नाही जमत ते अंगठ्याचं, जाऊ दे. मी तुला वेगळंच अकाउंट घेऊन दिलंय. तुझं तू बघ, माझं मी बघतो."

"म्हंजे वेगळे निघालो आपण."

"काय?"

"काई नाई."

"अगं, चांगलंच आहे ना. आता पाहिजे तितके अंगठे दे, वरचे दे, खालचे दे. कोणाला काही त्रास नाही."

बाईंना म्हणायचं होतं, त्रासासाठीच तर देत होते रे. म्हणाल्या वेगळंच. "तुले गमते का रे तिकडे?"

 "गमते ना, आई," तो म्हणाला. "काम आहे, दोस्त आहेत. ठेवू?"

ते उत्तर त्यांनी ओळखलं. त्यांचंच होतं. पोरगा आईवर गेला होता, खोटं बोलण्यातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सखू लग्नाला हिंगणीला गेली होती. चक्की बंद करून, हातपाय धुऊन, केसांतलं पीठ झटकून भागीरथाबाई एकट्याच टीव्हीसमोर बसल्या. कुंदननं पाठवलेलं सगळं त्यांनी एकेक अक्षर शोधून भरलं. पडद्यावर आलं, "कौन देख रहा है?" आणि खाली एकच चेहरा. आई.

मग मशीननं विचारलं, तुम्हाला काय आवडतं, तीन निवडा. आयुष्यात हा प्रश्न त्यांना असा कुणी विचारलाच नव्हता. एक कंदीलवाला घेतला. दुसरा कोणता? शेवटी टाकीवाल्याला घेतलं. ओळखीचा तरी होता. तिसरा सखूसाठी मिशीवाला.

सगळं कोरं होतं. कुठल्याच चित्राखाली रेघ नव्हती. किसनराव भावांपासून वेगळे निघाले तेव्हा सासूबाई भांडून लाल झाल्या होत्या, तरी जुन्या चुलीतला निखारा तव्यावर घालून त्यांनीच नव्या चुलीत आणून टाकला होता. वेगळं निघालं तरी विस्तव तोच पाहिजे, म्हणत. इथं जुन्यातलं काहीच आलं नव्हतं.

बाई बराच वेळ त्या एका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्याशेजारी अधिकचं चिन्ह होतं. त्यांनी ते दाबलं. नाव विचारलं. रिमोटनं एकेक अक्षर पुढं सरकवत त्यांनी लिहिलं: कुंदन. पहिल्यांदा अनुस्वार राहिला, पुसून पुन्हा लिहिलं. चेहऱ्यांमधून एक हसरा निवडला.

"कौन देख रहा है?" मशीननं विचारलं. आता दोन चेहरे होते.

भागीरथाबाईंनी कुंदनचा चेहरा दाबला आणि कंदीलवाला लावला, तोच म्हाताऱ्याचा भाग. म्हातारा चालत आला, दारात उभा राहिला, आत जेवणं चालली होती. इथवर बघून त्यांनी रिमोट उचलला आणि थांबवलं. मागं जाऊन पाहिलं. चित्राखाली बारीक लाल रेघ उमटली होती. अर्ध्यापर्यंत.

"थकला असशील. झोप आता," त्या म्हणाल्या, आणि टीव्ही बंद करून मीठ शोधायला स्वयंपाकघरात गेल्या.